निमंत्रणाला दिलेलं उत्तर

२०१३ साली सेंट पीटर्सबर्गच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने वेंटवर्थ मिलर या अभिनेत्याला सन्माननीय पाहुणा म्हणून बोलावलं. ‘प्रिझन ब्रेक’ या मालिकेमुळे तो तोवर जगभर ओळखीचा झाला होता आणि अशा निमंत्रणाला नटमंडळी सहसा हो म्हणतात. मिलरने नाही म्हटलं. महोत्सवाच्या संचालक मारिया आवेरबाख यांना त्याने लिहिलेलं उत्तर २१ ऑगस्टला ‘ग्लाड’ या अमेरिकी संस्थेने प्रसिद्ध केलं. पत्र जेमतेम अर्ध्या पानाचं आहे. एका लोकप्रिय नटाने आपण समलिंगी असल्याचं त्यात पहिल्यांदाच जाहीरपणे सांगितलं, म्हणून त्याची बातमी झाली, आणि बातमीच्या नियमाने ती लवकरच शिळीही झाली. पत्र मात्र अजून ताजं आहे. ते वाङ्मय म्हणून वाचावं, त्याच्या वाक्यांचा क्रम पाहावा, असं मला फार मनापासून वाटतं.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. त्याच वर्षी जूनमध्ये रशियाने एक कायदा केला होता. ‘अपारंपरिक’ लैंगिक संबंधांचा अल्पवयीन मुलांमध्ये प्रचार करणं त्याने दंडनीय ठरवलं. प्रचार कशाला म्हणायचं, हे इतकं मोघम ठेवलं होतं की समलिंगी माणसाने चारचौघांत स्वतःविषयी चांगलं बोलणंही त्यात बसू शकत होतं. सेंट पीटर्सबर्गने तर असा नियम आपल्या शहरापुरता २०१२ मध्येच करून टाकला होता. म्हणजे निमंत्रण आलं ते याच बाबतीत देशाच्या एक पाऊल पुढे असलेल्या गावाकडून.

आता पत्राकडे येऊ. सुरुवातीला तो आभार मानतो. मग सांगतो की रशियात मी पूर्वी आलो आहे, तिथे मला आवडलं, शिवाय माझ्या पूर्वजांमध्ये थोडं रशियन रक्तही आहे, तेव्हा हो म्हणायला मला आनंदच वाटला असता. आणि लगेच पुढच्या वाक्यात येतं, की परंतु मी समलिंगी पुरुष आहे, म्हणून मला नकार द्यावा लागतो आहे. मग कारण येतं. तिथलं सरकार समलिंगी स्त्री-पुरुषांशी ज्या तऱ्हेने वागतं आहे त्याने तो अस्वस्थ आहे. माझ्यासारख्यांना उघडपणे जगण्याचा आणि प्रेम करण्याचा हक्क जिथे पद्धतशीर नाकारला जातो, त्या देशाने मांडलेल्या उत्सवात माझी सद्सद्विवेकबुद्धी मला सहभागी होऊ देत नाही, असं तो लिहितो. शेवटी एक शक्यता ठेवतो. परिस्थिती सुधारली तर वेगळा निर्णय घ्यायला मी कदाचित मोकळा असेन. आणि सही.

या पत्रात कबुलीजबाब नाही. आपण कोण आहोत हे सांगताना अशा प्रसंगी माणसाला प्रस्तावना लागते, गळा दाटून यावा लागतो, इतकी वर्षं का बोललो नाही याचा खुलासा द्यावा लागतो. मिलर यातलं काही करत नाही. आपली ओळख तो नकाराचं कारण म्हणून, त्याच वाक्यात, सरळ स्वरात सांगून टाकतो. वाक्याचा भार नकारावर आहे, ओळख त्या नकाराला आधार देते. वाचणाऱ्याला धक्का बसतो तो या सहजपणाचाच. २००७ मध्ये याच माणसाने एका मासिकाला आपण गे नसल्याचं सांगितलं होतं, हे लक्षात घेतलं की या सहजपणामागे किती वर्षांचं ओझं उतरवून ठेवलेलं आहे ते जाणवतं.

पण माझं मन अडकतं ते त्या आधीच्या, रशियन रक्ताच्या वाक्यात. मिलरच्या घराण्याचा पसारा मोठा आहे. वडील आफ्रिकी-अमेरिकी, त्यांच्याकडे जमैका, इंग्लंड, जर्मनी असे फाटे. आई गोरी, तिच्याकडे रशियन, डच, फ्रेंच आणि सीरिया-लेबनॉनकडचेही पूर्वज. वडील ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकत असताना २ जून १९७२ रोजी इंग्लंडमधल्या चिपिंग नॉर्टन या गावी त्याचा जन्म झाला आणि तो वाढला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. एवढ्या गोतावळ्यातून पत्रासाठी त्याने नेमका एक धागा उचलला. वरवर पाहता हा शिष्टाचार आहे, पाहुण्याने यजमानाशी नातं सांगावं तसा. पण समलिंगी असणं ही पश्चिमेकडून आलेली, आपल्या मातीतली नव्हे अशी गोष्ट आहे, असं ज्या देशात ठासून सांगितलं जात होतं, त्या देशाला तो आधी म्हणतो की मी थोडा तुमच्यातला आहे, आणि मग म्हणतो की मी समलिंगी आहे. दोन वाक्यं शेजारी ठेवून त्याने तो सगळा युक्तिवाद मोडीत काढला. त्यासाठी एक शब्दही वाढवला नाही, आवाजही चढवला नाही. वंश सांगणं आणि लैंगिकता सांगणं ही दोन कामं त्याने एका दमात केली, आणि पहिल्याने दुसऱ्याला बळ दिलं.

या वाक्याची पूर्ण किंमत कळायला मिलरने पत्राच्या दहा वर्षं आधी केलेली एक भूमिका डोळ्यांपुढे आणावी लागते.

‘द ह्यूमन स्टेन’ हा रॉबर्ट बेंटनने दिग्दर्शित केलेला चित्रपट २००३ मधला. फिलिप रॉथच्या २००० साली आलेल्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. कोलमन सिल्क हा अभिजात भाषांचा वयोवृद्ध प्राध्यापक. सतत गैरहजर असलेल्या दोन विद्यार्थ्यांबद्दल तो वर्गात विचारतो की ही माणसं आहेत की भुतं. त्यासाठी तो वापरतो त्या इंग्रजी शब्दाला कृष्णवर्णीयांसाठीच्या जुन्या शिवीचाही अर्थ आहे, आणि ते दोघे, त्याने कधी न पाहिलेले विद्यार्थी, कृष्णवर्णीय निघतात. वंशद्वेषाचा आरोप येतो, कोलमन नोकरी सोडतो. प्रेक्षकाला पुढे कळतं की कोलमन स्वतःच कृष्णवर्णीय घरात जन्मलेला आहे. उजळ कातडीच्या आधाराने तो आयुष्यभर गोरा, ज्यू माणूस म्हणून वावरला, बायकोला आणि मुलांनाही त्याने पत्ता लागू दिला नाही. म्हातारा कोलमन अँथनी हॉपकिन्सने केला आहे आणि तरुण कोलमन मिलरने.

हॉपकिन्स या भूमिकेत शोभत नाही आणि मिलरचं नि त्याचं काडीचंही साम्य नाही, अशी टीका तेव्हा झाली. ती खरी आहे. निकोल किडमन आणि हॉपकिन्स यांच्या प्रेमकथेचा भागही मला कधी आतून जिवंत वाटला नाही. या चित्रपटाचं काळीज आहे ते १९४० च्या दशकातल्या न्यू जर्सीत आणि न्यूयॉर्कमध्ये, म्हणजे मिलरच्या वाट्याच्या दृश्यांत.

तरुण कोलमन हुशार आहे, मुष्टियोद्धा आहे. वडील रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये वेटर आहेत, इंग्रजीवर प्रेम करणारे, मुलांनी नीट बोलावं म्हणून आग्रही. कोलमनचा प्रशिक्षक त्याला एक कानमंत्र देतो. कोणी विचारलं नाही तर आपण होऊन काही सांगू नकोस. एवढंच. खोटं बोल असं कोणी त्याला शिकवत नाही, गप्प राहा म्हणतात. मिलर हा सल्ला ऐकणारा मुलगा कसा उभा करतो ते पाहण्यासारखं आहे. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी येत नाही, आनंदही येत नाही. एक दार आहे आणि ते ढकललं तर उघडतं, एवढं त्याला कळलेलं असतं. चेहरा जवळजवळ स्थिर, आवाज खालच्या पट्टीत. पुढे नौदलात तो स्वतःला गोरा म्हणून नोंदवतो, तेव्हा आपल्याला आश्चर्य वाटत नाही. ते दार त्याने मनात आधीच ओलांडलेलं असतं.

मग स्टीना पॉल्सन येते. मिनेसोटाकडची, सोनेरी केसांची, जसिंडा बॅरेटने फार मोकळेपणाने रंगवलेली. दोघं प्रेमात आहेत. कोलमन तिला काही न सांगता एका रविवारी आईकडे जेवायला घेऊन जातो. दार उघडतं आणि समोर कृष्णवर्णीय बाई उभी असते. स्टीना सभ्य मुलगी आहे. ती हसते, बोलते, जेवते, सगळं नीट पार पडतं. परतीच्या गाडीत मात्र ती कोसळते. मला हे जमणार नाही म्हणते आणि निघून जाते. कोलमनने प्रत्यक्षात काय केलं होतं? त्याने सत्य सांगितलं होतं, आपल्या परीने, शब्दांवाचून, आईच्या घराचं दार दाखवून. ती त्याची एकमेव कबुली. तिची किंमत त्याला ताबडतोब चुकवावी लागते. पुन्हा तो ती चूक करत नाही.

त्यानंतरचं आईचं दृश्य या चित्रपटातलं सर्वांत कठोर. कोलमन आता दुसऱ्या मुलीशी, आयरिसशी लग्न ठरवून आला आहे आणि आपले आईवडील हयात नाहीत असं तिला सांगून बसला आहे. हे तो आईला सांगायला आलेला आहे. ॲना डिव्हिअर स्मिथने ही आई केली आहे. ती आदळआपट करत नाही. नातवंडांचं काय, हा तिचा प्रश्न. ती कधी दिसतील का, हा त्या प्रश्नाच्या पोटातला प्रश्न. जिवंत आईने आपलं मरण मुलाच्या तोंडून ऐकायचं आणि त्यातही पुढच्या पिढीचा विचार करायचा, हे ती अशा संयमाने करते की आपल्याला तिच्याकडे बघवत नाही. आणि मिलर? दुसऱ्या कुठल्याही नटाने इथे डोळ्यांत पाणी आणलं असतं, प्रेक्षकाची दया मागितली असती. मिलर काहीच मागत नाही. तो ताठ बसतो, ऐकतो, निर्णयावर राहतो. त्याची निर्दयता आपल्याला दिसते आणि तिच्यासाठी त्याला स्वतःला किती आवळून धरावं लागतं तेही दिसतं. क्रूर माणसाचा अभिनय बरेच जण करतात. आपण क्रूर होत आहोत हे पक्कं ठाऊक असलेला आणि तरी न थांबणारा माणूस करायला मोठी ताकद लागते. त्या वेळी मिलरच्या गाठीशी चित्रपटातलं मोठं म्हणावं असं एकही काम नव्हतं.

हे त्याला कसं साधलं, याचं एक उत्तर त्याच्या विद्यार्थिदशेत आहे. मिलर प्रिन्स्टन विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकला, १९९५ मध्ये पदवीधर झाला. तिथल्या विद्यार्थी वृत्तपत्रासाठी तो व्यंगचित्रं काढत असे. १९९४ मध्ये कॉर्नेल वेस्ट हे कृष्णवर्णीय विचारवंत प्रिन्स्टन सोडून हार्वर्डला निघाले, त्यावर त्याने एक चित्र काढलं. रोख होता एका अडाणी गोऱ्या विद्यार्थिनीच्या समजुतींवर. वाचणाऱ्यांना ते वेस्ट यांचा आणि एकूण कृष्णवर्णीयांचा अपमान वाटलं, मोठं वादळ उठलं आणि चित्रकार गोराच असणार असं धरून लोक बोलू लागले. वडील कृष्णवर्णीय असल्याचा दाखला देऊन सुटण्याची सोय त्याच्यापाशी होती. ती त्याने वापरली नाही. दोन्ही बाजूंच्या लोकांना आपण ‘तिकडचे’ वाटतो, हे मिश्र वंशाच्या मुलाला लहानपणीच कळतं. इथे ते अख्ख्या विद्यापीठासमोर घडलं. आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. कोलमनवरच्या आरोपाचा प्रसंग रॉथला सुचला तो प्रिन्स्टनमध्येच १९८५ साली घडलेल्या खऱ्या घटनेवरून. समाजशास्त्राचे प्राध्यापक मेल्विन ट्यूमिन यांनी हजेरी घेताना तोच शब्द उच्चारला होता. २०१२ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मधल्या पत्रात रॉथने हे स्वतः लिहिलं.

कोलमन करताना मिलर वंश लपवणाऱ्याची व्यथा अभिनयातून मांडत होता, आणि त्याच वेळी स्वतःची लैंगिकता जगापासून दडवून होता. घरच्यांना आणि मित्रांना तो कधी ना कधी सांगत गेला असेल. पडद्याबाहेरच्या जगाला मात्र प्रशिक्षकाचाच सल्ला लागू होता, विचारलं नाही तर सांगू नकोस. आणि विचारलंच तर नाही म्हण. या माहितीच्या उजेडात ती दृश्यं आज पुन्हा पाहिली की आवळून धरलेला तो जबडा वेगळा दिसतो. नटाच्या खाजगी आयुष्याची किल्ली लावून भूमिका उघडू नये, हे मला मान्य आहे. इथे तो नियम मी थोडा सैल करते, कारण किल्ली मिलरने स्वतः आपल्या हातात ठेवली आहे.

‘प्रिझन ब्रेक’ २९ ऑगस्ट २००५ ला सुरू झाली. मायकल स्कोफिल्ड हा अभियंता मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या भावाला सोडवण्यासाठी मुद्दाम दरोडा घालून तुरुंगात येतो. तुरुंगाचा नकाशा त्याने देवदूत आणि सैतानांच्या चित्रांत मिसळून अंगभर गोंदवून घेतलेला असतो. सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही कोणाला दिसत नाही. या कल्पनेवर फार रेंगाळायला नको, ती पटकथाकाराची आहे. मिलरचं स्वतःचं योगदान आहे ते त्या कुजबुजत्या आवाजाचं आणि पापणी न लववता समोरच्याला मोजण्याचं. या भूमिकेसाठी त्याला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं. प्रसिद्धी जितकी वाढली तितकी बोलण्याची जोखीम वाढत गेली.

मौनाची ही सवय किती जुनी होती हे त्याने पत्रानंतर थोड्याच दिवसांत सांगितलं. ७ सप्टेंबर २०१३ रोजी सिएटलमध्ये ‘ह्यूमन राइट्स कॅम्पेन’ या संस्थेच्या कार्यक्रमात तो बोलला. तिथे तो वक्ता म्हणून नवखा होता आणि भाषण चांगलं लिहिलेलं होतं. समाज, समुदाय या गोष्टीशी आपलं नातं कायम अवघड राहिलं, असं त्याने सांगितलं. लहानपणी समुदाय म्हणजे आपल्याला लक्ष्य करणारी गर्दी. कसं बोलावं, कसं उभं राहावं, मनगट कसं धरावं, प्रत्येक दिवस एक परीक्षा, आणि नापास होण्याचे हजार मार्ग. पंधराव्या वर्षी त्याने पहिल्यांदा जीव देण्याचा प्रयत्न केला. सोमवारी सकाळी तो शाळेच्या बसमध्ये होता, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने. तो प्रयत्न म्हणजे मदतीची हाक होती का, असं लोक विचारतात, तेव्हा तो नाही म्हणतो. मदत मिळू शकते असा विश्वास असेल तरच माणूस हाक मारतो.

या भाषणातली शाळेच्या बसची जागा मला सर्वांत मोठी वाटते. प्रसंगाच्या भयंकर भागावर तो थांबत नाही, सोमवारच्या साध्या सकाळीवर थांबतो. पुढे अभिनयात जे दिसलं त्याचा सराव त्या बसमध्ये झाला होता. आपण केवळ स्वतःपुरतं जगत आलो, ‘आपण सगळे’ असा विचार करायची सवयच लागली नाही, हेही त्याने तिथे मोकळेपणी मांडलं. चळवळीत उशिरा आलेल्या माणसाचं हे बोलणं आहे. उशीर झाला हे तो जाणतो, त्याची सबब सांगत नाही.

पुढची काही वर्षं मी भराभर ओलांडते. ‘द फ्लॅश’ या मालिकेत तो खलनायक झाला, मानसिक आरोग्याबद्दल विद्यार्थ्यांशी बोलू लागला. त्याने लिहिलेला ‘स्टोकर’ हा चित्रपट तर पार्क चान-वूकच्या दिग्दर्शनात २०१३ मध्येच, पत्राच्या आधी, येऊन गेला होता. ती पटकथा त्याने हॉलिवूडमध्ये टेड फोक या टोपणनावाने फिरवली होती, नटाचं नाव बाजूला ठेवून लेखन पारखलं जावं म्हणून.

मार्च २०१६ मधलं त्याचं एक लिखाण मात्र पत्राच्या तोडीचं आहे. वजन वाढलेल्या दिवसांतला त्याचा एक फोटो विनोद म्हणून समाजमाध्यमांवर फिरत होता. मिलरने उत्तर लिहिलं. तो फोटो २०१० मधला. त्या काळात तो आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेला होता, आणि ज्याची वाट पाहावी, ज्याच्या आधाराने दिवस रेटावा, असं आयुष्यात एकच काही उरलं होतं, जेवण. तो फोटो पुन्हा पाहिला तेव्हा आधी श्वास अडकला, असं तो लिहितो. मग त्या फोटोला काय अर्थ द्यायचा हे मी ठरवणार, असं म्हणून तो त्यात स्वतःची चिवट ताकद पाहतो, आणि त्या फोटोतल्या स्वतःला क्षमाही देतो. हसणाऱ्यांना तो एकही टोला मारत नाही. ज्या पानाने तो विनोद पसरवला होता त्याने माफी मागितली. समलिंगी हक्कांचा या लिखाणाशी थेट संबंध नाही. पण लाज ही ज्याच्या त्याच्या अंगावर बाहेरून चढवलेली गोष्ट असते, आणि ती उतरवून ठेवता येते, हे ज्याने २०१३ मध्ये करून पाहिलं त्यालाच २०१६ मध्ये असं लिहिणं शक्य होतं. २०२१ मध्ये आपल्याला ऑटिझमचं निदान झाल्याचं त्याने सांगितलं तेव्हाही सूर तोच होता. या विषयावर बोलणाऱ्या जुन्या जाणत्या लोकांना बोलू द्यावं, आपण मधे मोठ्याने बोलू नये, अशी काळजी त्यात होती.

पत्रातली परिस्थिती सुधारण्याची ती शेवटची शक्यता प्रत्यक्षात उतरली नाही. रशियाने २०२२ मध्ये तो कायदा सर्व वयाच्या लोकांपर्यंत वाढवला आणि ३० नोव्हेंबर २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एलजीबीटी चळवळीला अतिरेकी ठरवलं.

मिलरने मात्र आणखी एक नकार दिला, या वेळी स्वतःच्याच व्यवसायाला. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याने जाहीर केलं की ‘प्रिझन ब्रेक’ पुन्हा सुरू झाली तरी आपण त्यात नसू, कारण आपल्याला आता विषमलिंगी पात्रं करायची नाहीत. त्यांच्या गोष्टी पुष्कळ सांगून झाल्या आहेत. नटाने स्वतःसारख्याच भूमिका कराव्यात हे तत्त्व म्हणून मला पटत नाही, आणि मायकल स्कोफिल्ड हाच त्याविरुद्धचा चांगला पुरावा आहे. पण हे तत्त्व त्याने इतरांवर लादलेलं नाही. आयुष्याची निम्मी वर्षं ज्याने कॅमेरा बंद असतानाही दुसऱ्याच कोणाची भूमिका केली, त्याला पडद्यावर तरी ती नको वाटली, हे समजायला कठीण नाही. त्या निवेदनात पुढचे भाग यावेत म्हणून वाट पाहणाऱ्या चाहत्यांची निराशा तो मान्य करतो आणि त्यांना सॉरी म्हणतो. आणि एका काल्पनिक विषमलिंगी पुरुषावर आपला जीव जडला, तो एका खऱ्या समलिंगी माणसाने उभा केला होता, या विचाराने जे चिडले असतील त्यांना तो सांगतो की तो गुंता तुमचा आहे, तुम्हीच सोडवा.